कानाच्या पडद्यामागचे पाणी : संशोधनात नेमके काय मोजायचे?

गेल्या अंकात आपण लहान मुलांच्या ‘ग्लू इअर’ची ओळख करून घेतली. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत, म्हणजे मध्यकर्णात, जंतुसंसर्गाची तीव्र लक्षणे नसतानाही पातळ किंवा डिंकासारखा चिकट द्रव साचून राहतो आणि मुलाला कमी ऐकू येऊ लागते, असा हा विकार आहे. दहाव्या वर्षापर्यंत दर दहापैकी सुमारे आठ मुलांना तो एकदा तरी होऊन जातो आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप बराही होतो. त्या लेखात ‘उपचारांवरील संशोधनात कोणती फलिते मोजायची, यावर अलीकडे सहमती घडवली जात आहे’ असे एक वाक्य होते. त्या एका वाक्यावरच सर्वाधिक पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच राखले आहे.

प्रश्न : माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कानांत तीन महिन्यांहून अधिक काळ पाणी आहे. एका तज्ज्ञांच्या मते ग्रोमेट बसवल्याने निश्चित फायदा होतो आणि संशोधन तसेच सांगते. दुसऱ्या तज्ज्ञांनीही संशोधनाचाच हवाला दिला, पण ‘वर्षभराने काही फरक उरत नाही’ असे सांगितले. यांतले खरे कोण?

उत्तर : दोघेही खरे असू शकतात, आणि त्यातच या विषयाची मेख आहे. ग्रोमेट म्हणजे पडद्याला बारीक छेद देऊन तिथे बसवलेली इवलीशी नळी. तिच्यातून मध्यकर्णात हवा खेळती राहते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१० सालच्या आढाव्यात दहा चाचण्यांचे, म्हणजे उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे, निष्कर्ष एकत्र पाहिले गेले. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी ग्रोमेट बसवलेल्या मुलांचे ऐकणे इतरांपेक्षा सरासरी १२ डेसिबलने चांगले होते. सहा ते नऊ महिन्यांनी हा फरक ४ डेसिबलवर आला आणि बारा व अठरा महिन्यांनी तो दिसेनासा झाला. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. नळी साधारणतः सहा महिने ते वर्षभरात आपोआप निघून पडते आणि दरम्यान ज्यांना ती बसवलीच नव्हती त्यांच्यापैकी अनेकांच्या कानातले पाणीही ओसरून गेलेले असते. म्हणजे एकाच उपचाराचे मोजमाप तिसऱ्या महिन्यात केले तर तो गुणकारी ठरतो आणि बाराव्या महिन्यात केले तर निरुपयोगी. आपल्या दोन तज्ज्ञांपैकी एकाच्या डोळ्यांसमोर तिसरा महिना होता आणि दुसऱ्याच्या बारावा.

हा झाला ‘केव्हा’चा गोंधळ. ‘काय’चा गोंधळ त्याहून मोठा आहे. ब्रिटनमध्ये थोड्याच वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन चांगल्या चाचण्या शेजारी ठेवून पाहा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांपैकी निम्म्यांना नाकपुडीने फुगा फुगवायला दिला होता. त्यामुळे नाक-घशाकडून कानाकडे जाणारी युस्टेशियन नलिका उघडावी, अशी कल्पना होती. या चाचणीचे मुख्य मोजमाप टिम्पॅनोमेट्री होते. पडद्यामागची हवा पूर्ववत झाली का, हे ते यंत्र सांगते. एका महिन्यानंतर फुग्याच्या गटातील ४७.३ टक्के आणि दुसऱ्या गटातील ३५.६ टक्के मुलांचा आलेख किमान एका बाधित कानापुरता तरी सुधारला होता. दुसरी चाचणी २०१८ सालची. तीत २ ते ८ वर्षांच्या ३८९ मुलांना सात दिवस स्टेरॉइड किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय औषधी देण्यात आली आणि मुख्य मोजमाप होते पाच आठवड्यांनंतरचे ऐकणे. समाधानकारक ऐकू येणाऱ्यांचे प्रमाण स्टेरॉइडच्या गटात ४० टक्के आणि दुसऱ्या गटात ३३ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

आता एखाद्या पालकाने साधा प्रश्न विचारला, की ‘फुगा बरा की गोळी?’, तर या मुख्य आकड्यांवरून त्याला काय उत्तर देणार? एका ठिकाणी पडद्यामागची हवा मोजली आहे, दुसरीकडे कानावर पडणारा आवाज. एकीकडे एक महिना, दुसरीकडे पाच आठवडे. दोन्ही संशोधकांनी काम प्रामाणिकपणे केले, पण दोघांच्या हातातल्या फुटपट्ट्या वेगळ्या होत्या. अशा डझनावारी चाचण्या झाल्या की आढावा घेणाऱ्याला त्यांची बेरीज करता येत नाही आणि हजारो मुलांनी दिलेला वेळ निम्मा-अधिक वाया जातो.

यावरचा उपाय म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘कोअर आउटकम सेट’ म्हणतात तो संच. एका विकारावरील प्रत्येक चाचणीने किमान कोणती फलिते मोजावीत आणि जाहीर करावीत, याची ती आधीच ठरवलेली छोटी यादी असते. मी तिला ‘किमान फलितांची यादी’ म्हणेन, कारण त्यातला ‘किमान’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आपल्या मुलीबाबत मात्र निर्णय घेताना या सरासऱ्यांपेक्षा, येते सहा महिने तिच्यासाठी किती मोलाचे आहेत, हा प्रश्न दोन्ही तज्ज्ञांना विचारावा. शाळेचे पहिलेच वर्ष असेल तर केवळ ‘वर्षभराने फरक उरत नाही’ एवढे उत्तर पुरेसे नाही.

प्रश्न : मी कान-नाक-घसा विषयाचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. ग्लू इअरचा मुख्य त्रास कमी ऐकू येणे हाच असेल, तर ऐकण्याची पातळी डेसिबलमध्ये मोजली की काम झाले. त्यासाठी एवढे सव्यापसव्य कशाला?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, पण आपण ‘ऐकणे’ हा शब्द फार सहज वापरलात. आवाजबंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार स्वरांवर मुलाला जेमतेम ऐकू येणारा आवाज शोधायचा आणि त्यांची सरासरी काढायची, ही आपली नेहमीची पद्धत. ती उत्तम आहे, यात वाद नाही. पण दोन मुलांची कल्पना करा. दोघांच्याही बऱ्या कानाची सरासरी २८ डेसिबल आहे. पहिले मूल घरात एकुलते एक असून आई समोर बसून त्याच्याशी बोलते. ते काही चुकवत नाही, फक्त टीव्हीचा आवाज वाढवते. दुसरे मूल चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसते. फळ्याकडे तोंड करून बाई जे बोलतात ते त्याला अर्धवट ऐकू येते. शेजारच्याला ‘काय म्हणाल्या?’ असे विचारल्याबद्दल ते बोलणी खाते आणि काही दिवसांनी विचारणेच सोडून देते. प्रगतिपुस्तकात शेरा येतो : ‘लक्ष देत नाही.’ दोघांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, मात्र तसूभरही फरक दिसणार नाही.

शिवाय या विकारात ऐकणे स्थिर राहत नाही. सर्दी झाली की खालावते, उतरली की सुधारते. मंगळवारी केलेल्या तपासणीचा आकडा पुढच्या महिन्याचा दाखला होऊ शकत नाही. आणि मूल जितके लहान तितकी ऐकण्याची तपासणी निराळी. आवाज आला की खेळणे चमकवून मुलाची मान वळते का ते पाहणे, आवाज आला की पेटीत ठोकळा टाकायला लावणे आणि मोठ्यांप्रमाणे बटण दाबायला लावणे, या तीन पद्धतींतून येणारे आकडे एकाच तराजूत घालताना काळजी घ्यावी लागते. दोन वर्षांच्या मुलांना मोठ्या मुलांसारखी तपासणी झेपत नाही, म्हणून अनेक अभ्यासांत त्यांना वगळले जाते आणि त्यामुळे त्यांच्याविषयीची माहिती तोकडीच राहते.

टिम्पॅनोमेट्रीचे आकर्षण याच अडचणीतून येते. कानात रबरी टोक बसवले, मिनिटभर मूल शांत राहिले की आलेख हाती येतो. शिखर असलेला ‘ए’ प्रकार, सपाट ‘बी’ प्रकार, ऋण दाबाकडे सरकलेला ‘सी’ प्रकार, असे वर्गीकरण करता येते आणि मुलाने बटण दाबलेच पाहिजे अशी अट राहत नाही. परंतु सपाट आलेख एवढेच सांगतो की पडद्यामागे बहुधा द्रव आहे. त्या द्रवामुळे मुलाचे काय अडले, हे त्याला ठाऊक नसते. जे सोपे ते मोजायचे आणि जे मोजले तेच महत्त्वाचे मानायचे, ही संशोधनाची जुनी खोड आहे. या विषयात ती विशेष जाणवते, असे माझे मत आहे.

मग यादीत यावेत असे काय काय असते? ऐकणे आणि द्रव तर आहेतच. त्याखेरीज बोलणे व भाषेची वाढ, गोंगाटात ऐकता येणे, वर्गातील वागणूक, चालताना तोल जाणे, झोप, मुलाचे व आईवडिलांचे रोजचे जगणे हेही आहे. आणि उपचारांचे तोटे विसरून चालणार नाहीत : ग्रोमेटमधून कान वाहणे, नळी निघाल्यावर पडद्याला राहणारे भोक, पडद्यावर पडणारे पांढरे चट्टे, पुन्हा भूल देऊन करावी लागणारी शस्त्रक्रिया. फायद्याचे मोजमाप दशांशापर्यंत आणि तोट्याचे एका ओळीत, असे निबंध आपण वाचले असतीलच.

एक बारकावा आपल्यासाठी मुद्दाम सांगतो. एकाच फलिताचे आकडे दोन प्रकारे मांडता येतात : गटाची सरासरी किती सुधारली, किंवा किती मुलांचे ऐकणे पूर्ववत झाले. सरासरी ५ डेसिबलने सुधारली, याचा अर्थ प्रत्येक मूल थोडेथोडे सुधारले असाही होतो आणि काही मुले पूर्ण बरी झाली व बाकीची होती तिथेच राहिली असाही होतो. पालकांना दुसरा आकडा कळतो. मात्र ‘पूर्ववत’ची रेषा २० डेसिबलवर ओढायची की २५ वर, हे आधी ठरलेले नसेल तर तोही निरुपयोगी.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. अशी यादी ठरवते कोण? आम्हांला कोणी विचारत नाही.

उत्तर : बाई, आपली तक्रार योग्य आहे आणि आता पद्धतीच्या पातळीवर तरी तिची दखल घेतली जाते. ही चळवळ कानापासून सुरू झाली नाही. संधिवाताच्या संशोधकांनी १९९२ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे एकत्र येऊन आपल्या चाचण्यांत काय मोजायचे याची चर्चा सुरू केली. पुढे २०१० साली ‘कॉमेट’ हा उपक्रम सुरू झाला. तो निरनिराळ्या विकारांसाठी अशा याद्या तयार करण्यास साहाय्य करतो आणि झालेल्या कामाची नोंद सर्वांसाठी खुली ठेवतो.

कामाची रीत साधारण अशी असते. प्रथम आजवरच्या अभ्यासांत जे जे मोजले गेले त्याची लांबलचक जंत्री केली जाते. तिच्यात पालकांच्या व मुलांच्या मुलाखतींतून निघालेल्या गोष्टींची भर घातली जाते. अनेकदा या मुलाखतींतच पहिल्यांदा असे काही समोर येते जे कुणा संशोधकाने कधी मोजलेच नव्हते. मग ‘डेल्फी’ पद्धतीने मतदान होते. (ग्रीसमधील भविष्य सांगणाऱ्या देवस्थानावरून हे नाव पडले. अमेरिकेतील रँड संस्थेने १९५० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. भविष्यवाणीशी तिचा संबंध एवढाच.) प्रत्येक सहभागी घरी बसून, कुणाशी बोलल्याविना, एकेका फलिताला १ ते ९ गुण देतो. १ ते ३ म्हणजे फारसे महत्त्वाचे नाही, ७ ते ९ म्हणजे अत्यावश्यक. दुसऱ्या फेरीत त्याला स्वतःचे गुण आणि शेजारी इतर गटांनी दिलेले गुण दाखवले जातात आणि मत बदलायचे का, असे विचारले जाते.

समजा, आपल्यासमोर तो तक्ता आहे आणि ‘वर्गात शिक्षकांचे बोलणे कळणे’ या ओळीत आपण ९ गुण दिलेत. दुसऱ्या फेरीत तुम्हांला दिसते की पालकांचे बहुतेक गुण ८ आणि ९ आहेत, तर शल्यविशारदांचे ५ च्या आसपास. त्या शल्यविशारदालाही त्याच वेळी हेच दिसत असते. समोरासमोरच्या बैठकीत ज्येष्ठ डॉक्टर बोलू लागले की पालक गप्प बसतात. इथे ज्येष्ठता कागदावर दिसतच नाही, आणि म्हणून मला ही पद्धत आवडते. अनेक ठिकाणी नियम असा असतो की ७० टक्के वा अधिक सहभागींनी ७ ते ९ गुण दिले आणि १ ते ३ देणारे १५ टक्क्यांहून कमी असले, तर ते फलित यादीत घ्यायचे. वादग्रस्त ओळींसाठी शेवटी एक बैठक होते.

यात पळवाट नाही असे नाही. शंभर डॉक्टर आणि दहा पालक एकाच टोपलीत मोजले तर सत्तर टक्क्यांचा निकाल डॉक्टरांचाच असणार. म्हणून प्रत्येक गटात स्वतंत्रपणे सहमती आहे का, हे पाहावे लागते. कोणत्या फलितावर कोणत्या गटाने काय मत दिले, हे जाहीर न करणारी यादी मी सावधपणेच वाचतो.

प्रश्न : आमच्या मुलाला जन्मतः टाळू दुभंगलेली होती. त्यालाही कानात पाणी आहे. तीच यादी त्याला लागू होते का?

उत्तर : नाही, आणि ती तशी नसावीच. टाळूचे जे स्नायू युस्टेशियन नलिका उघडतात तेच अशा मुलांत नीट काम करत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांना हा त्रास होतो आणि तो अधिक काळ टिकतो. शिवाय त्यांचे उच्चार टाळूमुळे बिघडलेले असतात की कानामुळे, हे सुटे करणे कठीण जाते. म्हणून दुभंगलेल्या टाळूच्या मुलांतील ग्लू इअरसाठी ब्रिटनमध्ये ‘मोमेंट’ नावाचा स्वतंत्र अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांचे डेल्फी मतदान आणि पालक व मुलांच्या मुलाखती या दोन्हींचा मेळ त्यात घातला होता. इतर दृष्टीने निरोगी असलेल्या मुलांसाठीची यादी त्यानंतर, २०२० साली प्रसिद्ध झाली. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचाही प्रश्न निराळा आहे. त्यांच्या कानाचा बाहेरचा मार्ग अरुंद असल्याने ग्रोमेट बसवणेच अवघड होते, आणि अशा मुलांना बऱ्याच चाचण्यांत घेतले जात नाही.

प्रश्न : यादी ठरली म्हणजे संशोधकांचे स्वातंत्र्य गेले का?

उत्तर : नाही. यादीतले मोजायचे, त्यापुढे हवे ते मोजायचे.

प्रश्न : मी संख्याशास्त्र शिकवतो. न जुळलेले निष्कर्ष दडपण्याची प्रवृत्ती अशा यादीने थांबेल, असे म्हणणे भाबडेपणाचे नाही का? आणि या सगळ्याचा काही उपयोग दिसू लागला आहे का?

उत्तर : पूर्णपणे थांबेल असे मी म्हणणार नाही. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात कॉक्रेनचे २८३ आढावे तपासले होते. त्यांपैकी ९६ आढाव्यांत, म्हणजे ३४ टक्क्यांत, अशी किमान एक तरी चाचणी होती जिने मुख्य फलित मोजूनही सोयीने वगळले असावे, असा दाट संशय होता. चार गोष्टी मोजायच्या आणि जी उजळ निघेल तीच सारांशात लिहायची, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. यादी असली की वाचकाच्या हाती एक प्रश्न येतो : ‘यातले तिसरे फलित कुठे आहे?’ पूर्वी हा प्रश्न विचारण्यासाठी आधारच नव्हता.

तरीही यादी ‘काय’ एवढेच सांगते. ‘जीवनमान’ मोजा म्हटले की एक संशोधक ओएम ८-३० ही मोठी प्रश्नावली घेतो, दुसरा तिचीच चौदा प्रश्नांची आखूड आवृत्ती, तिसरा कानाशी संबंध नसलेली सर्वसाधारण प्रश्नावली. दुसऱ्या टप्प्यात, प्रत्येक फलितासाठी कोणते साधन वापरायचे, यावर सहमती घडावी लागते. त्यासाठीची मार्गदर्शक पद्धत मोजमापाची साधने पारखणारा ‘कॉस्मिन’ हा उपक्रम आणि ‘कॉमेट’ यांनी २०१६ साली मिळून प्रसिद्ध केली. तिसरा टप्पा वेळेचा. पहिल्या उत्तरातले १२, ४ आणि शून्य हे आकडे आपण पाहिलेच आहेत. ज्या विकारात कान आपोआप बरा होतो तिथे एकच उशिराची तारीख ठरवली तर कोणताही उपचार निष्प्रभ दिसेल आणि एकच लवकरची ठरवली तर तात्पुरता गुण देणारा उपचारही जादूसारखा. निदान एक लवकरची आणि एक उशिराची, अशा दोन तारखा हव्यात.

या सगळ्याचा काही उपयोग दिसू लागला आहे का, असेही आपण विचारले आहे. कॉक्रेनने २०२३ साली ग्लू इअरवरील आढाव्यांची नवी मालिका काढली, तीत ऐकणे, या विकाराशी निगडित जीवनमान आणि उपचारांचे दुष्परिणाम यांना अग्रस्थान दिले. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने बारा वर्षांखालील मुलांतील ग्लू इअरसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जुन्या चाचण्यांत मात्र या गोष्टी मोजल्याच गेल्या नसतील, तर नवा आढावा त्या कुठून आणणार? यादीचा खरा लाभ आज सुरू होणाऱ्या चाचण्यांतून येईल.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या मुलाला एका चाचणीत सहभागी करण्याविषयी विचारले आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : मुख्य फलित कोणते आहे आणि ते किती दिवसांनी मोजणार, हे एका वाक्यात सांगायला सांगा. ते उत्तर केवळ टिम्पॅनोमेट्रीपुरते असेल, तर मुलाचे बोलणे, शाळा आणि झोप यांविषयी तुम्हांला काही विचारले जाणार आहे का, हे विचारा. कान वाहणे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया लागणे याची नोंद कोण आणि किती काळ ठेवणार, हेही विचारा. संशोधकांनी कोणती किमान फलितांची यादी वापरली आहे, असा प्रश्न केलात तर समोरची व्यक्ती बहुधा थोडी चमकेल. तिने यादीचे नाव सांगितले आणि त्यातले एखादे फलित का वगळले याचे कारणही सांगितले, तर उरलेले कागद निवांतपणे घरी नेऊन वाचावेत.